लाकडी पेनाची चकाकी दोन महिन्यांत का जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी छोटा लेथ (लाकूड फिरवून घडवायचं यंत्र) घेऊन तुम्ही शिसव आणि बाभळीची बॉलपेनं करता. सुरुवातीला फ्रिक्शन पॉलिश लावलंत. लेथवरून उतरताना पेन तोंड दिसेल इतकं चमकायचं, पण दोन-तीन महिन्यांत बोटं जिथे धरतात तिथे ते मळकट आणि निस्तेज झालं. मग व्हिडिओ पाहून सुपरग्लूचे हात दिलेत. त्यात काही पेनांवर पांढुरके डाग आले, एकाच्या टोकाशी पापुद्रा सुटला आणि पावसाळ्यात केलेलं एक पेन एप्रिलमध्ये उभं तडकलं. आता परदेशी महागडी बाटली मागवावी का, आणि मागवायची तर कोणती, असं तुम्ही विचारताय.

बाटलीची घाई करू नका. तुमच्या एका प्रश्नात चार तक्रारी आहेत आणि चारींची कारणं वेगळी आहेत. बोटांखालची चकाकी जाते, ते पॉलिशच्या जातीमुळे. पांढरे डाग येतात ओलाव्यानं. पापुद्रा सुटतो, कारण टोकांचं काम नीट झालेलं नसतं. आणि उभी चीर लाकडामुळे पडते, तिचा पॉलिशशी संबंध नाही. नवी बाटली आणलीत तर फार तर पहिली तक्रार मिटेल, बाकीच्या तिन्ही तशाच राहतील आणि तुम्ही त्या बाटलीला दोष द्याल.

सगळ्यात चांगलं पॉलिश कोणतं, याला एकच उत्तर नाही. पेन टेबलावरच्या स्टँडमध्ये राहून आठवड्याला दोन सह्या करणार असेल तर लाखेचं पॉलिश पुरतं, आणि दिसतंही फार सुंदर. तेच पेन शाळेतल्या मास्तरांच्या खिशात किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांच्या शेजारी राहणार असेल तर कडक थर हवा. काहींच्या हाताला घाम फार येतो. काहींना लाकूड हाताला लाकूड म्हणूनच लागायला हवं असतं, वरचा गुळगुळीत थर त्यांना परका वाटतो. पेन कुणासाठी करतोय हे आधी विचारून घ्या, म्हणजे निम्मा निर्णय तिथेच होतो.

फ्रिक्शन पॉलिश म्हणजे मुळात स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, सोबत थोडं मेण किंवा तेल. फिरत्या लाकडावर कागदानं दाबलं की घर्षणाच्या उष्णतेनं स्पिरिट उडतं आणि लाख घोटली जाते. पाच मिनिटांत चकाकी येते, म्हणून सगळे तिच्या प्रेमात पडतात. पण तो थर अतिशय पातळ असतो. चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर लाखेची कांडीच फिरत्या लाकडावर दाबतात आणि केवड्याच्या पानानं घोटतात. तिथे स्पिरिट नसतं आणि लाखेचा थरही भरपूर बसतो. आपल्या बाटलीतून तसा थर बसत नाही. शिवाय जी लाख स्पिरिटमध्ये विरघळते ती सॅनिटायझरमध्येही विरघळणारच. सॅनिटायझर चोळलेल्या हातानं रोज पेन धरलं तर महिनाभरात बोटांच्या जागा उघड्या पडतात. उष्णताही लाखेला सोसत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, काचेखाली ठेवलेल्या पेनावर बोटांचे ठसे कायमचे उमटू शकतात.

तरी लाख टाकाऊ नाही. ती दुरुस्तीला सोपी आहे, जुन्या थरावर नवा थर एकजीव होतो, आणि शिसवीचा रंग लाखेखाली जसा उजळतो तसा दुसऱ्या कशाखाली उजळत नाही, असं माझं मत आहे. फक्त विरघळवून ठेवलेली लाख सहा महिन्यांपेक्षा जुनी वापरू नका. काचेवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी नख रुतलं तर ती बाटली टाकून द्या. जुनी लाख पुढे कधीच कडक होत नाही. पेनं चिकट लागतात अशी तक्रार तुमच्या कानावर आली असेल तर ही शक्यता पहिल्यांदा तपासा.

आता लाकडाकडे वळतो, कारण टिकाऊपणा इथे ठरतो. लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. पेनाच्या आत, रिफिलभोवती, पितळेची नळी असते, ती अजिबात आकसत नाही. घडवून झाल्यावर नळीवर लाकडाची भिंत टोकांशी जेमतेम एक मिलिमीटर उरते. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत घडवलेला ठोकळा मार्च-एप्रिलच्या सोलापुरी हवेत आला की कोरडा पडून आकसू लागतो. आतली नळी त्याला जागा देत नाही, मग तो उभा फाटतो. वर कितीही भारी थर असला तरी त्याच्यासकट फाटतो. आपल्याकडे दोन ऋतूंतल्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे दमट किनाऱ्यावरच्या माणसानं दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

उपाय साधा आहे, पण धीर लागतो. ठोकळे कापून त्यांवर तारीख आणि वजन पेन्सिलीनं लिहा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आठवड्यानं पुन्हा वजन करा. वजन घटायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं असं समजा. मग भोक पाडा आणि नळी न चिकटवता ते आणखी काही दिवस तसंच ठेवा, कारण भोक पडल्यावर आतला भाग पहिल्यांदा हवा खातो. नळीला खरखरीत कागदानं ओरखडे काढा आणि ती सावकाश वाळणाऱ्या अरल्डाइटनं (इपॉक्सी गोंदानं) बसवा. सुपरग्लूनं बसवलेली नळी चालते, पण तो जोड ठिसूळ असतो आणि मधे पोकळी राहिली तर ती भरून निघत नाही.

चीर पडलेलं पेन हातात असेल तर ती कुठून सुरू झाली आहे ते पाहा. जोडणी करताना किंवा दोन-चार दिवसांत टोकाकडून चीर गेली असेल तर नळीच्या तोंडाशी आत गोंद साचला होता, त्यामुळे किटमधला (पेनाच्या तयार भागांच्या संचातला) धातूचा भाग घट्ट बसला आणि त्यानं लाकूड फाडलं. असं होऊ नये म्हणून जोडणीआधी नळी आतून साफ करा. महिन्यांनी, ऋतू बदलल्यावर पूर्ण लांबीची चीर आली असेल तर लाकूड ओलं होतं.

बाभूळ घेताना गाभ्याचं तांबूस लाकूडच घ्या. सालीकडचं फिकट लाकूड लवकर किडतं. जुन्या वाड्यांच्या मोडतोडीतून वखारीत येणारं सागवान मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं, कारण ते कित्येक उन्हाळे खाऊन बसलेलं असतं. फक्त लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. यंत्रमागाचे टाकून दिलेले धोटे मिळाले तर जरूर घ्या. ते लाकूड घट्ट असतं आणि त्यावर पॉलिश देखणं बसतं, पण त्यात वर्षानुवर्षांचं वंगण मुरलेलं असू शकतं. शिसव आणि सागातही स्वतःचं तेल असतं. अशा लाकडावर पहिल्या हाताआधी ॲसिटोननं पुसून घ्या आणि तो उडून गेल्याबरोबर काम सुरू करा. रेंगाळलात तर आतलं तेल पुन्हा वर येतं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात बहुधा तेलकट पदार्थ मिसळलेले असतात.

चकाकीचं म्हणाल तर ती पॉलिशच्या आधीच ठरलेली असते. पारदर्शक थर भिंगासारखा काम करतो. खालची प्रत्येक रेघ तो मोठी करून दाखवतो. १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरू करा, मग ३२०, ४००, ६००. लेथ मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपासच ठेवा. वेगानं घासलं तर लाकूड तापतं आणि शिसवीत केसासारख्या चिरा पडतात. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवा आणि त्याच कागदानं लाकडाच्या धाग्याच्या दिशेनं, लांबीत, हातानं दहा-बारा वेळा ओढा. लेथवरच्या घासण्यानं गोल रेघा पडतात, त्या या उभ्या ओढण्यानं मोडतात. मग टॉर्च पेनाला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा. अंगावर आडवी कडी दिसली तर पुढच्या नंबरवर जाऊ नका. २२० नं राहिलेली कडी ६०० नं जात नाही, फक्त गुळगुळीत होते आणि थराखाली उठून दिसते. भुसा ब्रशनं झाडा. शिसवीवर ओलं फडकं फिरवू नका, गडद रंग शेजारच्या फिकट पट्ट्यात उतरतो. शिसवीच्या धुळीनं पुष्कळांच्या अंगाला खाज येते, दमही लागतो. मास्क रोज लावा.

रोज वापरायच्या पेनासाठी मी सुपरग्लू, म्हणजे सायनोॲक्रिलेट, वापरतो. तो हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, आणि तुमच्या पांढऱ्या डागांचा उलगडा यातच आहे. ओलावा फार झाला तर पृष्ठभाग घाईनं बसतो आणि त्यावर पांढरी धूळ उमटते. पावसाळ्यात असं होतंच, पण आपल्याकडे उन्हाळ्यातही होतं, कारण खोलीत कूलर लावलेला असतो. कूलरची ओली हवा थेट लेथवर येत असेल तर भर मे महिन्यात पेनावर पावसाळ्यासारखे डाग पडतील. काम करताना कूलर बंद ठेवा. उलट, कूलरशिवाय भर दुपारी हवा इतकी कोरडी असते की थर लवकर बसतच नाही, मग माणूस ॲक्सिलरेटरचा, म्हणजे सुपरग्लू झटपट घट्ट करणाऱ्या द्रवाचा, फवारा मारत सुटतो. जवळून मारलेला जास्त फवारा थराला उकळवतो, आत बारीक बुडबुडे अडकतात आणि तेही पांढरेच दिसतात. उन्हाळ्यात मी हे काम सकाळी लवकर करतो. फवारा लागलाच तर हातभर लांबून, एकदाच.

हात देण्याची पद्धत अशी. लेथ सावकाश. पहिले दोन-तीन हात पातळ सुपरग्लूचे, ते छिद्रांत मुरतात. त्यानंतर सहा-आठ हात मध्यम दाट सुपरग्लूचे. प्रत्येक वेळी थोडेच थेंब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दमात, आणि परत मागे यायचं नाही. अर्धवट बसलेल्या थरावर कागद पुन्हा फिरला की लाटा उठतात. दोन हातांमध्ये थर पूर्ण बसू द्या. फेविक्विकसारखी छोटी ट्यूब पहिल्या मुरणाऱ्या हातांना चालते. पुढच्यासाठी मध्यम दाट सुपरग्लूची बाटली घ्या. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत दव धरतं आणि बाटली घट्ट होते.

इथे एक गोष्ट फार गांभीर्यानं सांगतो, कारण आपलं गाव चादरी-टॉवेलांचं आहे आणि सुती चिंधी प्रत्येक घरात पडलेली असते. सुपरग्लू सुती कापडावर सांडला की झपाट्यानं तापतो, धूर निघतो, हात भाजतो. सुती हातमोजे तर कधीच घालू नका. सुपरग्लू लावायला पातळ फोमचा तुकडा किंवा किचन टिश्यूची छोटी घडी घ्या, हातात नायट्राइलचे मोजे घाला. दुसरं, फिरत्या लेथला कुठलंच कापड लावायचं नाही, पॉलिश घोटायलाही नाही. टॉवेलचे फासे मँड्रेलला (पेन ज्यावर चढवतात त्या फिरत्या दांड्याला) अडकले तर कापडाबरोबर बोटही ओढलं जातं. टिश्यू अडकला तर फाटतो, म्हणून टिश्यू. सुपरग्लूची वाफ डोळ्यांना झोंबते. गॉगल लावा आणि पंखा असा ठेवा की वाफ तुमच्यापासून दूर जाईल.

थर बसल्यावर किमान एक रात्र जाऊ द्या, मग तो सपाट करा. ६०० च्या वॉटर पेपरनं (पाणी लावून घासायच्या कागदानं) हलकेच सुरुवात करा. थरावर चमकते खोलगट ठिपके राहिले असतील तर ते ठिपके जाईपर्यंत घासा, पण लाकूड उघडं पडू देऊ नका. पांढरट पाण्याऐवजी लाकडाच्या रंगाचं पाणी येऊ लागलं तर थर संपला. मग थांबा, वाळवा आणि पुन्हा दोन-तीन हात द्या. पुढे मायक्रोमेशचे (अतिबारीक घासणीचे) नऊ पॅड १५०० पासून १२००० पर्यंत, थोडं पाणी लावून. एक घोळ नेहमी होतो: मायक्रोमेशचे आकडे वॉटर पेपरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. मायक्रोमेशचा १५०० हा वॉटर पेपरच्या १५०० पेक्षा बराच खरखरीत असतो. वॉटर पेपर २००० पर्यंत नेऊन मग मायक्रोमेश १५०० लावलात तर आवरलेलं काम पुन्हा विस्कटतं. मायक्रोमेश नसेल तर वॉटर पेपर २००० पर्यंत न्या आणि शेवटी गाडीच्या रंगकामातलं पॉलिशिंग कंपाउंड वापरा. चकाकीत फार फरक पडत नाही.

पापुद्रा सुटतो टोकांपासून, आणि तो बहुतेक वेळा पेन बुशिंगपासून (लेथवर पेनाच्या दोन्ही टोकांना लावलेल्या धातूच्या कड्यांपासून) सोडवताना सुटतो. थर लाकडावरून बुशिंगवर सलग चढलेला असतो. तुम्ही पेन ओढून काढता आणि थर लाकडावरून उचकटला जातो. तो लगेच दिसत नाही. पुढे घाम त्या फटीतून आत शिरतो आणि टोकाला पांढरी कडी येते. सोडवण्याआधी सांध्यावर धारदार ब्लेडनं गोल रेघ मारा. त्याहून चांगलं म्हणजे हात देताना धातूच्या बुशिंगऐवजी एचडीपीईसारख्या मेणचट प्लास्टिकचे शंकू वापरा, त्यांना सुपरग्लू चिकटत नाही. त्यानंतर टोकं सपाट करा आणि उघड्या लाकडावर पातळ सुपरग्लूचा एक थेंब बोटानं नव्हे, काडीनं फिरवा. पाणी लावून घासण्याच्या आधी हे व्हायला हवं, नाहीतर घासतानाचं पाणीच आत जातं. जोडण्याआधी कॅलिपरनं टोकाची जाडी किटच्या धातूशी जुळते का पाहा. थरामुळे लाकूड उंच राहिलं तर त्या कडेला नख अडकत राहतं आणि थर तिथूनच उडतो.

सुपरग्लूची वाफ ज्यांना सोसत नाही त्यांनी पॉलियुरेथेन (पीयू) वापरावं. एका डब्याचं पीयू थोडं थिनर घालून टिश्यूनं पुसत लावा, रोज एक हात, चार-पाच दिवस. ते सुपरग्लूपेक्षा थोडं लवचीक असतं, त्यामुळे लाकडाची हालचाल जास्त सोसतं. आपल्याकडची अडचण धुळीची. लावल्यावर पेन उभं करून वर उपडा डबा झाका. हाताला एका दिवसात कोरडं लागलं तरी पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात, तोवर विकू नका. हार्डनर मिसळायचं टू-पॅक पीयू आणखी टणक असतं, पण त्यातला आयसोसायनेट फुफ्फुसांना वाईट. योग्य मास्क आणि मोकळी जागा नसेल तर घरात त्याला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अळशीचं तेल आणि मेण हा पर्याय हाताला छान लागतो, पण तुम्हाला हवी ती चकाकी त्यात नाही. तेल वापरलंत तर तेलकट चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवा किंवा एकेक पसरून वाळवा.

राहिली तुमची आधीची पेनं. लाखेची निस्तेज झालेली स्पिरिटनं पुसून साफ करता येतात. किट उकलून नळ्या लेथवर चढवा, ४०० पासून घासा आणि सुपरग्लूचे हात द्या. मात्र त्या पॉलिशमध्ये मेण असणार, ते पूर्ण निघाल्याशिवाय नवा थर धरणार नाही. पांढरे डाग थराच्या वरच असतील तर घासून जातात. बुडबुडे आत असतील तर लाकडापर्यंत उतरावं लागतं. टोकाशी सुटलेल्या पापुद्र्याखाली पातळ सुपरग्लू सोडून पाहायला हरकत नाही, पण आत घाम गेला असेल तर पांढरेपणा राहतोच. उभं तडकलेलं पेन भरून परत देऊ नका, पुढच्या उन्हाळ्यात ती चीर तिथेच उघडेल. त्या गिऱ्हाइकाला वाळलेल्या लाकडाचं नवं अंग करून द्या. रिफिल काढून, आतून बसेल अशा सळईनं हलकेच ठोकलं की किटचे बहुतेक भाग शाबूत निघतात. फक्त पितळी नळ्या नव्या लागतील, त्या सुट्या मिळतात.